कार्ड बदललं तरी

२ डिसेंबर

प्रशिक म्हणाला, "वहिनी, जे जे करून पाहता ते लिहून ठेवत जा ना. रोज तुम्ही मले तेच सांगता आन् रोज मी तेच विचारतो." म्हणून आजपासून लिहिते आहे. प्रशिक माझ्या नवऱ्याचा, पियुषचा, कॉलेजपासूनचा मित्र. नागपुरात बर्डीवर त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे.

तर तक्रार अशी. वेदिका नावाच्या आमच्या एका नवरीच्या लग्नाची फिल्म एडिट करायला घेतली आहे. टाइमलाइनवर क्लिप लावून प्ले केलं की थोडा वेळ बरं चालतं, मग चित्र अडखळतं. आवाज पुढे निघून जातो, नवरी मागे राहते. सेटिंगमध्ये ग्राफिक कार्डाची मदत चालू ठेवली तर मध्येच हिरवे पट्टे येतात आणि सॉफ्टवेअर बंद पडतं. मदत बंद ठेवली तर बंद पडत नाही, पण इतकं हळू चालतं की एक कट लावेपर्यंत कुकरच्या शिट्ट्या होऊन जातात.

हे आधी नव्हतं. दसऱ्यानंतर पियुषने नवीन कॅमेरा घेतला तेव्हापासून आहे. जुन्या कॅमेऱ्याला काही झालं नव्हतं, मला तर त्याचे रंगही जास्त आवडायचे. पण याने हट्टच धरला. म्हणे हल्ली सगळे हलकाच वापरतात, जड कॅमेरा घेऊन दिवसभर कोण उभं राहते. ठीक आहे. शूट तो करतो, कॅमेरा त्याचा. मी एडिट करते, मशीन माझं. दुसऱ्याच्या स्टुडिओतली नोकरी सोडून बेसा भागातल्या या फ्लॅटच्या मागच्या खोलीत आपलं काम सुरू केलं तेव्हाच हे ठरलं होतं.

वेदिका मकरसंक्रांतीनंतर नवऱ्यासोबत परदेशी जाणार. त्याआधी फिल्म हवी.

५ डिसेंबर

ड्रायव्हर बदलला. ड्रायव्हर म्हणजे कार्ड आणि सॉफ्टवेअर यांच्यातला दुभाषा, असं प्रशिक सांगतो. नव्या दुभाष्याने दुपारपर्यंत नीट काम केलं, मी खूश होऊन हळदीचा अख्खा सीन लावून टाकला. जेवून आले तर पुन्हा तेच. आता जुना ड्रायव्हर परत टाकून पाहणार.

पियुष चहा घेऊन आला. हल्ली अर्धाच कप आणतो. विचारलं तर म्हणाला, "चहा कमी कर तू. ॲसिडिटी होते तुले." मला कधी झाली ॲसिडिटी?

१० डिसेंबर

काल सावनेरला शूट होतं, मीही गेले. थंडी म्हणजे काय थंडी. मंडपातल्या गालिच्याला पाय अडकून पियुष पडता पडता वाचला. हे आता दुसऱ्यांदा झालं. पाय उचलून टाकतच नाही, फरफटत चालतो. मी म्हटलं, "नवीन बूट घे गा, हे सैल झाले." तो हसला.

मंगलाष्टकांच्या वेळी माझ्या हातात कॅमेरा देऊन म्हणाला, "तू धर थोडा वेळ, मी पाहुण्यायचं पाहून येतो." मला कॅमेऱ्यातलं काय कळतं? आणि पाहुण्यांचं काय पाहायचं होतं? बराच वेळ नुसता खुर्चीवर बसून हात चोळत होता. घरी निघताना जॅकेटची चेनही मीच लावून दिली. बोटं गारठली म्हणे.

खरं लिहायचं तर मला त्याचा राग येतो आहे. आपलं काम सुरू केलं, तर आता दुप्पट राबायला पाहिजे. हा आळशी होत चालला आहे. परवा पुन्हा मिहानला गेला होता. तिथल्या कुठल्यातरी कंपनीची फिल्म मिळणार आहे, मीटिंग आहे. चौथी मीटिंग असेल. हातात काही नाही, नुसता थकून येतो आणि भिंतीकडे तोंड करून झोपतो.

१३ डिसेंबर

प्रशिकने मूळ दुखणं शोधलं. नव्या कॅमेऱ्याच्या फाइल अशा पद्धतीने दाबलेल्या असतात की आमच्या जुन्या कार्डाला त्या उघडताच येत नाहीत. मग सगळा भार प्रोसेसरवर पडतो आणि तो दमतो. रस्ते दोन. एक, प्रत्येक क्लिपची हलकी नक्कल बनवायची, तिच्यावर एडिट करायचं आणि शेवटी खरी क्लिप लावायची. दुसरा, नवीन कार्ड.

मी म्हणणार होते की नक्कल बनवू, वेळ लागला तर लागला. त्याआधीच पियुष म्हणाला, "नवीन कार्ड घेऊन टाकू." प्रशिकही चमकला. साधं ट्रायपॉड घ्यायचं तर चार महिने विचार करणारा माणूस हा!

"तुले त्रास नको ना," मला म्हणाला. "मशीन तरी चांगली पाहिजे."

मला बरं वाटलं. दोन दिवस उगाच फुगून बसले होते.

१८ डिसेंबर

कार्ड बसलं! टाइमलाइन नदीसारखी वाहते आहे. हिरवे पट्टे नाहीत, अडखळणं नाही. रंगाचे थर चढवले तरी मशीन हूं की चूं करत नाही. सासूबाईंना हाताला धरून आणलं आणि नवरीची एन्ट्री दाखवली. त्यांनी लहानपणी घरच्या मागावर कांड्या भरल्या आहेत, त्यामुळे त्यांचं लक्ष साडीच्या काठावर. "रेशीम खरं आहे वं," म्हणाल्या.

रात्रीच्या जेवणाला पियुषच्या ताटात पोळी वाढताना त्यांनी त्याचा हात धरून उलटा केला. "हे अंगठ्यापाशी मांस कुठं गेलं तुह्यं? खड्डा पडला, पाह्य."

"कॅमेरा धरून धरून होते तसं, माय," तो म्हणाला आणि हात काढून घेतला. नंतर पाणी पिताना त्याला असा ठसका लागला की डोळ्यांत पाणी आलं.

सासूबाईंना आपला मुलगा नेहमीच वाळलेला दिसतो. मी उद्यापासून डब्यात भिजवलेले बदाम ठेवणार आहे.

२० डिसेंबर

लिहायची इच्छा नाही. फेऱ्यांच्या सीनमध्ये पुन्हा तेच. आधीइतकं नाही, पण आहे. चित्र मध्येच किंचित थरथरतं, झटका बसल्यासारखं होतं. नवीन कार्ड असून! मी प्रशिकला फोनवर नको तेवढं बोलले. तो दुकान सोडून आला बिचारा.

त्याने स्क्रीनच्या कोपऱ्यात एक आकडा चालू केला. मशीन किती फ्रेम गाळतं ते त्यात दिसतं. सीन सुरू झाला, संपला, आकडा शून्यच.

"वहिनी, मशीन एकही फ्रेम सोडून नाही राहिली."

"मग हे काय आहे? मले दिसते ते खोटं आहे का?"

त्याने तो तुकडा पुन्हा लावला. मग पुन्हा. मग विचारलं, "हे शूट कोणी केलं?"

"पियुषनंच. दुसरं कोण करणार?"

प्रशिक उठला. चहा ठेवला होता, तोही न घेता निघाला. गॅलरीतून पाहिलं तर खाली पार्किंगमध्ये तो आणि पियुष उभे होते. प्रशिक हातवारे करून काहीतरी सांगत होता, पियुष खाली पाहत होता. माझ्या बोलण्याचा राग आला असणार त्याला. उद्या माफी मागते.

२३ डिसेंबर

आज शेवटचा उपाय. कार्डाची मदत पूर्ण बंद केली आणि तो एक सीन नुसत्या प्रोसेसरवर काढायला लावला. अर्धा दिवस गेला. निघालेली फाइल कार्डाने काढलेल्या फाइलसारखीच. थरथर जिथल्या तिथे.

मग एकेक फ्रेम पुढे सरकवत गेले. मंडपाचा खांब आधी डावीकडे जातो, मग खाली, मग परत. प्रत्येक फ्रेम धड आहे, एकही गाळलेली नाही. म्हणजे मशीन जे आहे तेच दाखवत होतं. हलला तो कॅमेरा.

पियुषला हाक मारून दाखवलं. तो दारातूनच म्हणाला, "गिंबलची मोटर गेली असन." गिंबल म्हणजे कॅमेरा स्थिर धरणारा दांडा. सुटल्यासारखं वाटलं मला. कारण सापडलं. इतके दिवस विनाकारण कार्डाला शिव्या दिल्या.

"दे दुरुस्तीले," म्हटलं.

"देतो," म्हणाला. केवढ्या लवकर कबूल झाला! एरवी त्याच्या सामानाला कोणी नाव ठेवलं की तासभर भांडतो.

२७ डिसेंबर

गिंबल परत आला. दुरुस्तीवाला म्हणाला, काहीच बिघडलं नाही.

दुपारी सासूबाई झोपल्या होत्या. मी हार्ड डिस्क काढली. वर्षभरात जेवढी लग्नं शूट केली त्या प्रत्येकातली नवरीची एन्ट्री घेतली. ती तो गिंबलशिवाय, हातात कॅमेरा धरूनच घेतो, त्याची ती खास गोष्ट आहे. फेब्रुवारीपासून ओळीने टाइमलाइनवर लावल्या. कोणता कॅमेरा कधी बिघडायला लागला ते पाहायचं होतं मला. देवाशपथ, तेवढंच.

फेब्रुवारी, जुना जड कॅमेरा. भिंतीत खिळा ठोकावा तशी फ्रेम. मेमध्ये शेवटी जराशी उजवीकडे कलते. जुलैमध्ये नवरी अर्ध्यात असतानाच शॉट तोडला आहे. मला तेव्हा वाटलं होतं, कोणीतरी मध्ये आलं असेल. ऑक्टोबर, नवा हलका कॅमेरा, पुन्हा थोडी स्थिर. मग नोव्हेंबर. मग वेदिका.

नवऱ्या बदलत होत्या, साड्या बदलत होत्या, दोन वेगळे कॅमेरे होते. सगळ्यांमध्ये एकच गोष्ट होती.

मी सुरुवातीपासून पुन्हा लावलं. अर्धा कप चहा, जॅकेटची चेन, बूट, ठसका, सगळं त्या नवऱ्यांच्या मागून चालत येताना दिसायला लागलं. पियुष केव्हा मागे येऊन उभा राहिला कळलं नाही. त्याने डावा हात माझ्या खांद्यावर ठेवला. उजवा खिशात होता.

"कधीपासून?" मी विचारलं.

"उन्हाळ्यापासून. आधी अंगठाच होता."

"डॉक्टर?"

"दाखवलं ना. मिहानकडच्या हॉस्पिटलात. प्रशिकच घेऊन जाये." मग म्हणाला, "फिल्म-बिल्म नव्हती तिथं."

"काय म्हणतात?"

"मोटर न्यूरॉन म्हणतात. नसा स्नायूयले हुकूम देणं बंद करतात. हळूहळू."

"औषध?"

त्याने मान हलवली. हो म्हणून नव्हे.

मी ओरडले. सासूबाई उठतील याचंही भान राहिलं नाही. "मले काहून नाही सांगतलं? महिनाभर मी त्या डबड्यासंगं भांडून राहिली, आन् तू पाहून राहिला? वरून कार्ड घेऊन दिलं मले!"

तो स्टुलावर बसला. म्हणाला, "तू रोज मशीनवर चिडत होती ना, मले बरं वाटे. जोपर्यंत तू मशीनवर चिडून राहिली होती, तोपर्यंत ते मशीनचंच होतं."

मी रडले नाही. आधी प्रोजेक्ट सेव्ह केला. का केला माहीत नाही. मग त्याचा उजवा हात खिशातून बाहेर काढला आणि पाहिला. लग्नाला अकरा वर्षं झाली. सासूबाईंनी पोळी वाढता वाढता जे पाहिलं ते मी आज पाहिलं. अंगठ्याखाली खरंच खड्डा आहे. आणि कातडीखाली काहीतरी सारखं फडफडतं, तो हात हलवत नसतानाही.

३ जानेवारी

त्याच्यासोबत हॉस्पिटलला गेले. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, शांतपणे बोलतात. त्यांनी त्याला टाचांवर चालायला लावलं, जीभ बाहेर काढायला लावली. एक गोळी आहे, ती आजार थोडा लांबवते. बरा करत नाही. काहींची दोन-तीन वर्षं जातात, काहींची पुष्कळ जास्त, आधी सांगता येत नाही. हात, पाय, मग बोलणं, गिळणं. डोकं शेवटपर्यंत शाबूत. हे त्यांनी दिलासा म्हणून सांगितलं. मला ते सगळ्यात वाईट वाटलं.

पियुषने एकच विचारलं, "डोळे?"

"डोळ्यांना सहसा काही होत नाही," त्या म्हणाल्या.

त्याने माझ्याकडे अशा तोंडाने पाहिलं की जणू एखादं मोठं काम मिळालं.

सासूबाईंना कसं सांगायचं या विचारात घरी आलो. त्यांनी दार उघडलं आणि विचारलंच नाही कुठे गेला होता. ताट वाढलं. पियुष बसला, तशा त्या त्याच्या शेजारी बसल्या आणि पोळीचा घास मोडून त्याच्या तोंडाशी नेला. तो म्हणाला, "माय, मी खातो ना." त्या म्हणाल्या, "खा ना मग. तोंड उघड."

११ जानेवारी

वेदिकाची फिल्म पूर्ण केली.

सॉफ्टवेअरमध्ये हलणारं चित्र स्थिर करायची सोय आहे. कडा थोड्या कापल्या जातात, पण थरथर निघून जाते. फार जड काम. जुन्या कार्डावर एका शॉटला बसून राहावं लागलं असतं, नव्यावर बोट ठेवलं की होतं. एकामागून एक शॉट लावत गेले. एन्ट्री, हळद, फेरे. ज्या कार्डाला शिव्या दिल्या, त्याच कार्डाने तासाभरात पियुषचा हात पुसून टाकला.

पियुष पाहत होता. "झकास," म्हणाला. "कोणाले समजणार नाही."

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले.

१४ जानेवारी

संक्रांत. वेदिकाचा फोन आला. फिल्म पाहून घरचे सगळे रडले म्हणाली. "मयुरीताई, पियुषदादांचा हात काय स्थिर आहे हो! माझी एन्ट्री तर तरंगत आल्यासारखी वाटते. त्यांना नक्की सांगा."

सांगितलं. तो बराच वेळ हसत राहिला. मग हसणं थांबलं. सासूबाईंनी दोघांच्या हातावर तिळगूळ ठेवला. त्याच्या हातातला पडला. तो त्यांनी उचलून स्वतः खाल्ला आणि त्याला दुसरा भरवला.

२ फेब्रुवारी

बरेच दिवस लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काय होतं? चमचा जाड दांड्याचा आणला. सदऱ्याची बटणं काढून वेल्क्रो लावलं. प्रशिक रोज संध्याकाळी येतो आणि उगाच मशीन साफ करत बसतो. मी एकदा त्याला म्हटलं, "तुम्हाले माहीत होतं." तो म्हणाला, "वहिनी, त्यानं माह्या पोराची शपथ घातली होती." मग पुन्हा मशीन पुसायला लागला.

माझ्या मनात काय येतं तेही लिहिते. पियुष झोपला की मला वाटतं, पळून जावं. आईकडे नाही, अशीच कुठेतरी, जिथे कोणाला आमचं नाव माहीत नाही. मग त्याच्या पायावरचं पांघरूण सारखं करते.

स्टुडिओवाल्यांना फोन करून जुनी नोकरी मागावी, असं ठरवलं होतं. पियुषला सांगितलं तर चिडला. कितीतरी दिवसांनी चिडला. "काम आपलं आहे. कॅमेरा आहे, मशीन आहे. डोळे माहे आहेत. हात तुहे घे."

१६ फेब्रुवारी

शिकते आहे. तो गॅलरीत खुर्चीवर बसतो, मी समोरच्या सोसायटीतल्या मांजरीचा माग काढते. "कोपर पोटाले लाव. श्वास सोडता सोडता फिर. अवं, मांजर पळते, तू कशाले पळते?" आम्ही हसलो. मांजरीने खाली उभ्या स्कूटरच्या सीटवर अंग चाटत बसून आमची दखलही घेतली नाही.

त्याच्या बोलण्यात आता 'र' आणि 'ळ' नीट उमटत नाहीत. दोन घोट घेतल्यासारखा आवाज येतो. काल सोसायटीच्या एका बाईने सासूबाईंना तसं विचारलंही. सासूबाईंनी तिला काय उत्तर दिलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

२० एप्रिल

काल उमरेडला माझं पहिलं लग्न झालं. म्हणजे मी एकटीने शूट केलेलं. ओळखीतलेच लोक, त्यांनी समजून उमजून काम दिलं. प्रशिकने पियुषला गाडीतून उतरवून मंडपाच्या कडेला खुर्चीवर बसवलं. शेजारच्या टेबलावर आवाज टिपायचं छोटं रेकॉर्डर ठेवलं. सनई आणि मंत्र नीट येतात की नाही, ते हेडफोन लावून पाहायचं काम पियुषचं.

मी घाबरले होते. एन्ट्रीच्या वेळी मागे पाहिलं तर तो मानेनेच सांगत होता, पुढे हो, पुढे हो.

आज सकाळी फुटेज मशीनमध्ये टाकलं. अगदी झरझर उघडलं. माझी एन्ट्री डुगडुगते आहे, डोकं कापलं गेलं आहे, फोकस कुठल्यातरी मावशीबाईंवर. पण नवरी उंबऱ्याशी जरा थांबते आणि मागे वळून वडिलांना शोधते, ते सापडलं आहे मला. पियुषने ते तीन वेळा पाहिलं. "हे ठेव. हलते तर हलू दे," म्हणाला.

मग तो झोपायला गेला, मी रेकॉर्डरचा आवाज जुळवायला घेतला. मंत्रांच्या खाली दोन माणसं बोलताना ऐकू येत होती. ते काढावं लागतं, म्हणून हेडफोन लावून आवाज मोठा केला.

शेजारी बसलेले कोणीतरी म्हातारे गृहस्थ विचारत होते, "ते कोण शूट करून राहिलं गा? बाई दिसते."

पियुष काहीतरी बोलला.

"आं? काय म्हणलं? समजलं नाही बापा."

तो थांबला. श्वास घेतल्याचा आवाज आला. मग एकेक अक्षर सुटं करून, जोर लावून म्हणाला, "बा-य-को. माह्यी बा-य-को."

"असं का!" ते गृहस्थ म्हणाले. "चांगली करते का?"

त्यानंतर बराच वेळ फक्त सनई आहे. मला वाटलं, दमला असेल, उत्तर दिलं नसेल. मी पुढे सरकवणार होते. तेवढ्यात तो बोलला. ते शब्द त्या गृहस्थांना कळले नसणार, दुसऱ्या कोणालाही कळणार नाहीत. मला कळले.

लग्नवाल्यांच्या फिल्ममधून तो तुकडा काढला. मग हेडफोन पुन्हा लावले आणि मूळ फाइल सुरुवातीपासून लावली.